नेब्रास्काच्या वाळूटेकड्यांतील मैदाने

मराठी मध्यमवर्गीय माणसाचा गोल्फ या खेळाशी जो काही संबंध येतो तो बहुधा कुंपणाबाहेरून येतो. लष्करी छावणीच्या आसपास ज्यांचे बालपण गेले त्यांनी तारेपलीकडचे साहेब पाहिले असतील, त्यांच्यामागे लांबट पिशवी वाहणारी पोरे पाहिली असतील, आणि हिरवळीला पाणी नसल्यामुळे तेल शिंपडून चोपलेल्या वाळूची गोल अंगणेही पाहिली असतील. 'ब्राउन' म्हणत त्यांना. चेंडू तारेबाहेर आला तर तो परत फेकावा, एवढाच आपला त्या खेळातला सहभाग. अशा माणसाने गोल्फच्या मैदानांवर लेख लिहावा हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु २०२४ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातून आम्ही उभयता चार दिवस हिंडलो ते या मैदानांच्याच निमित्ताने, आणि जे पाहिले ते खेळापेक्षा भूमीविषयी व माणसांविषयी अधिक होते.

आमचा भाचा कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे नोकरीस आहे. गोल्फचे त्याला वेड. 'मामा, तुम्ही इथवर आलाच आहात तर डोंगर काय सगळेच पाहतात. मी तुम्हांला असा मुलूख दाखवतो की जिथे पाहायला काहीच नाही,' असे म्हणून त्याने गाडी ईशान्येस वळवली. सौभाग्यवतींनी वाटेसाठी दशम्या आणि लसणीची चटणी बांधून घेतली होती. हा निर्णय किती दूरदर्शीपणाचा होता ते दुसऱ्या दिवशी कळले.

नेब्रास्का राज्याचा सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे जवळजवळ वीस हजार चौरस मैलांचा प्रदेश, वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला आहे. त्यांस तिकडे 'सँडहिल्स' म्हणतात. पश्चिम गोलार्धातील वाळूच्या टेकड्यांचा हा सर्वांत मोठा समूह. वाळू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेर उभे राहते; इथे मात्र टेकडीच्या माथ्यापर्यंत गवत आहे. वाऱ्याने रचलेली आणि गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली अशी ही भूमी आहे. काही टेकड्या चारशे फूट उंचीच्या आहेत. खाली ओगालाला नावाचा विस्तीर्ण भूजलसाठा असल्यामुळे दोन टेकड्यांमधल्या खळग्यांत चक्क तळी दिसतात. झाड मात्र मैलोगणती नाही. ठिकठिकाणी एकेकटी पवनचक्की उभी असते, तिच्या पायाशी पाण्याचा हौद, हौदाभोवती काळ्या गाई. आमच्या माळव्याची काळी माती चिखल होऊन पायाला चिकटते. इथली वाळू पाऊस पडताक्षणी पिऊन टाकते आणि घटकाभरात पाऊल कोरडे पडते.

नेमकी हीच गोष्ट गोल्फला मानवते. या खेळाचा उगम स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळूत झाला. शेतीला निरुपयोगी, मेंढ्यांनी खुरटवलेल्या गवताची, वाऱ्याने उंचसखल केलेली ती जमीन. पाणी मुरते, जमीन टणक राहते, चेंडू पडल्यावर दूरवर घरंगळतो, आणि खेळाडूला वाऱ्याचा व उतारांचा विचार करावा लागतो. जगात इतरत्र कोट्यवधी रुपये खर्चून, यंत्रांनी माती ओतून हे उंचवटे तयार करतात. नेब्रास्कात ते हजारो वर्षांपासून आयतेच पडून आहेत.

हे ओळखायला विसावे शतक सरत यावे लागले. शेजारच्या कॅन्सस राज्यात हचिन्सन गावी मिठाच्या व्यवसायातील केअरी कुटुंबाने १९३७ साली पेरी मॅक्सवेल या रचनाकाराकडून 'प्रेअरी ड्यून्स' नावाचे नऊ होलांचे मैदान करवून घेतले होते. त्याच्या पुत्राने, प्रेस मॅक्सवेलने, १९५७ मध्ये आणखी नऊ जोडून अठरा पुरे केले. पुढे तिथे २००२ साली स्त्रियांची अमेरिकन खुली स्पर्धाही झाली. पण हचिन्सन हे बऱ्यापैकी शहर. खऱ्या निर्जन मुलखात, जिथे वस्तीच नाही तिथे, मैदान करण्याचे धाडस डिक यंगस्कॅप या गृहस्थाने केले. नेब्रास्कातील मलेन या गावाजवळ त्याने हजारो एकर चराऊ जमीन घेतली आणि बिल कूर व बेन क्रेनशॉ या जोडीला बोलावले. क्रेनशॉ हा स्वतः नामांकित खेळाडू. त्या दोघांनी टेकड्यांतून पायी हिंडून खेळण्याजोग्या सव्वाशेहून अधिक होलांच्या जागा हेरल्या आणि त्यांतून अठरा निवडल्या. माती जवळजवळ हलवलीच नाही. 'सँड हिल्स गोल्फ क्लब' १९९५ साली खुला झाला, आणि त्याच वर्षी क्रेनशॉने ऑगस्टाची 'मास्टर्स' स्पर्धा दुसऱ्यांदा जिंकली. जगातील उत्कृष्ट मैदानांच्या याद्यांत हे नाव तेव्हापासून वरच्या ओळीत असते.

भाच्याच्या मनात हेच मैदान होते. तो त्याविषयी बोलू लागला की त्याचा स्वर एखाद्या वारकऱ्यासारखा होई. परंतु हा वारकरी पंढरपुरात उतरून कळसाचे दर्शनही घेऊ शकत नव्हता, कारण सभासदाने आमंत्रण दिल्याखेरीज तिथे खेळता येत नाही, आणि मैदान टेकड्यांच्या आड असल्यामुळे रस्त्यावरून दिसतही नाही.

पहिल्या दिवशी आम्ही कोलोरॅडोच्या ईशान्य कोपऱ्यातील होलिओक गावावरून गेलो. तिथल्याच ओनील बंधूंनी टॉम डोक या रचनाकाराकडून २००६ साली 'बॅलिनील' हे मैदान करवून घेतले. तिथे सर्वांनी पायीच खेळायचे, छोट्या मोटारी चालत नाहीत, हे ऐकून आम्हांला त्या मंडळींविषयी आदर वाटला. पण तोही क्लब सभासदांचा. भाच्याने गाडीचा वेग थोडा कमी केला, दूरच्या टेकड्यांकडे एकवार पाहिले, आणि पुन्हा वाढवला.

ओगालाला गावी प्लॅट नदी ओलांडून उत्तरेला वळले की माणूस संपतो. आर्थर नावाचे गाव हे त्या जिल्ह्याचे ठाणे. २०२० च्या गणतीत अख्ख्या जिल्ह्यात साडेचारशेही माणसे भरली नाहीत. या गावात १९२८ साली बांधलेले एक प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंती पेंढ्यांच्या दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांच्या आहेत, वरून गिलावा. लाकूड नाही, दगड नाही, वीट भाजायला माती नाही. मग देवासाठी काय वापरायचे, तर जे उगवते ते. आम्ही त्या भिंतीला हात लावून पाहिला. भव्य देवळे पुष्कळ पाहिली आहेत. इतकी अडचणीतून उभी राहिलेली वास्तू क्वचितच पाहिली.

मलेनला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. हूकर जिल्ह्यातील हे एकमेव गाव. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सातशे वीस चौरस मैलांच्या आसपास आणि लोकसंख्या सुमारे सातशे, म्हणजे चौरस मैलामागे एक माणूस. आमच्या शाळेचा पट याहून मोठा आहे. एक लांब मालगाडी गावाच्या अंगाने कितीतरी वेळ जात राहिली, आणि ती गेल्यावर जी शांतता पसरली तिची सवय आपल्या कानांना नाही. इथे घड्याळाचीही एक गंमत आहे. मलेन एका कालविभागात आणि पूर्वेचा शेजारचा जिल्हा दुसऱ्या. पूर्वेकडून येणारा माणूस नेमून दिलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचतो आणि पूर्वेकडे जाणारा तास गमावतो.

उपाहारगृह उघडे सापडले नाही. दशम्या तिथे कामी आल्या.

इथे क्षणभर थांबून या भूमीचा पूर्वेतिहास सांगणे भाग आहे, कारण आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न इथे गोल्फने आणलेला नाही. या टेकड्या मूळच्या पॉनी, लकोटा इत्यादी लोकांच्या शिकारीच्या. त्यांना हटवल्यानंतर ही जमीन सरकारी झाली आणि गुराढोरांच्या मोठ्या मालकांनी ती बिनदिक्कत तारांनी वेढली. सरकारी जमिनीस असे कुंपण घालण्यास १८८५ च्या कायद्याने मनाई केली होती, पण कायदा वॉशिंग्टनमध्ये आणि तार नेब्रास्कात. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या कारकिर्दीत मात्र खटले उभे राहिले. १९०५ साली बार्टलेट रिचर्ड्स व त्याचा भागीदार यांना न्यायालयाने तीनशे डॉलर दंड आणि सहा तासांची 'कैद' फर्मावली. या सहा तासांच्या शिक्षेवर एवढा गदारोळ उठला की रूझवेल्टने संबंधित सरकारी वकिलालाच घरी पाठवले, आणि पुढच्या खटल्यात रिचर्ड्सला एका वर्षाची खरी कैद झाली. त्याआधीच, १९०४ च्या किंकेड कायद्याने, येथील प्रत्येक वसाहतकऱ्यास ६४० एकर जमीन देऊ केली होती. गोरगरीब आले, त्यांनी नांगर घातले, गवताचे मूळ तुटले, वाळू उडू लागली. थोड्याच वर्षांत बहुतेकांनी आपापला तुकडा विकला, आणि जमीन फिरून मोठ्या पशुपालकांकडे गेली. या वेळी कायदेशीरपणे!

गवत तुटले की वारा तिथे खड्डा कोरत जातो. त्याला 'ब्लोआउट' म्हणतात. पशुपालकाला तो जखमेसारखा वाटतो. पसरू नये म्हणून तो त्यात जुने टायर टाकतो. गोल्फवाल्याला मात्र तोच खड्डा अलंकार वाटतो, कारण चेंडू अडवणारा वाळूचा 'बंकर' त्याला फुकट मिळतो. एकाच खड्ड्याकडे पाहणाऱ्या या दोन नजरा आम्हांला त्या प्रवासात फार वेळा आठवल्या.

मलेनपासून उत्तरेला ९७ क्रमांकाच्या रस्त्याने व्हॅलेंटाइन गावाकडे जाताना, गाव यायच्या सतरा मैल अलीकडे, 'प्रेअरी क्लब' आहे. स्नेक नदीच्या खोल घळईच्या काठी २०१० साली तो सुरू झाला. दोन मोठी मैदाने आहेत, एक टॉम लेहमन व ख्रिस ब्रँड्स यांनी आखलेले, दुसरे ग्रॅहम मार्शचे. एका मैदानावर मोकळ्या वाळूटेकड्या, दुसऱ्याच्या काही भागात घळईच्या कडेची देवदारासारखी झाडे. इथली व्यवस्था मधल्या मार्गाची आहे. सभासद आहेत, पण तेथील वसतिगृहात मुक्काम करणाऱ्या कोणालाही खेळता येते. म्हणजे फाटक उघडे आहे, फक्त पैशाची पिशवी थोडी सैल हवी. भाच्याने आपल्या वर्षभराच्या हौसेचा निधी इथे रिता केला. आम्ही त्याच्यामागून चालत राहिलो. टेकडीवर चढावे, तर पुढे तशीच टेकडी, आणि तिच्या कुशीत कातरलेल्या हिरवळीचा एवढासा तुकडा, त्यावर फडफडणारे निशाण. चेंडू वाऱ्यावर असा वळत होता की भाच्याला दरवेळी नवे गणित मांडावे लागे. चौथ्या होलापाशी सौभाग्यवती एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, 'तुम्ही मारा चेंडू, मी वारा ऐकते.' आमच्या मते त्या दिवशी सर्वांत चांगला खेळ त्यांचाच झाला.

परतताना व्हॅलेंटाइनहून दक्षिणेस सरळ उतरून नॉर्थ प्लॅटमार्गे गॉथेनबर्गला आलो. हे गाव १८८२ साली स्वीडिश माणसाने वसवले आणि आपल्याकडील शहराचे नाव दिले. १८६०-६१ मध्ये घोडेस्वारांकरवी टपाल नेण्याची जी 'पोनी एक्स्प्रेस' चालली, तिचे एक लाकडी ठाणे येथील उद्यानात जपून ठेवले आहे. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. शेतकऱ्यांचे, धान्याच्या कोठारांचे गाव. पण गावाच्या उत्तरेला वाळूटेकड्यांची दक्षिण सीमा येऊन टेकते, आणि तिथे 'वाइल्ड हॉर्स' नावाचे मैदान आहे.

डेव्ह ॲक्सलंड आणि डॅन प्रॉक्टर हे दोघे मलेनच्या सँड हिल्स क्लबवर कूर व क्रेनशॉ यांच्या हाताखाली राबले होते. तिथे शिकलेली विद्या घेऊन त्यांनी गॉथेनबर्गच्या गावकऱ्यांसाठी हे मैदान आखले. १९९९ साली ते अठरा होलांचे पुरे झाले. पैसा आणि पुढाकार गावाचा. तीच वाळू, तेच उंच पिवळसर गवत, तेच ओबडधोबड कडांचे बंकर. फरक इतकाच की इथे येणाऱ्याला कोणी कोणाचा आमंत्रित आहे का असे विचारत नाही. वेळ सांगायची, शुल्क द्यायचे, खेळायचे. भाच्याच्या जोडीला एक सत्तरीचा शेतकरी आला. मक्याला पाणी सोडून सकाळी आला होता आणि नऊ होल झाले की पाणी बदलायला परत जाणार होता. आम्ही इंदूरचे म्हटल्यावर त्याने गावाचे नाव दोनदा उच्चारून पाहिले, मग विचारले, पाऊस किती पडतो? आम्ही सोयाबीनचे नाव काढताच गृहस्थ खुलला. त्याच्याही शेतात अर्धे सोयाबीनच होते. पुढचे तीन होल भाच्याला एकट्यालाच खेळावे लागले म्हणायला हरकत नाही, इतके आम्ही भाव, खत आणि आडत यांत गुंतलो.

आता तुलनाच करायची तर न्यायाने केली पाहिजे. सभासदांच्या क्लबांना नुसती नावे ठेवणे सोपे आहे. सातशे वस्तीच्या जिल्ह्यात स्थानिक खेळाडूंच्या शुल्कावर अठरा होलांची निगा राखता येणार नाही. हंगाम उन्हाळ्याच्या काही महिन्यांचाच. तेव्हा दूरच्या श्रीमंत सभासदांची वर्गणी हाच आधार. त्या क्लबांमुळे गावात चार माणसांना काम मिळते आणि टेकडी नांगराविना राहते. गॉथेनबर्गला शेजारून ऐंशी क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो, त्यावरचा वाटसरू अर्धा दिवस थांबतो; मलेनला असा वाटसरू कुठून यावा? हे सारे मान्य. तरीही एक गोष्ट आम्हांला खटकते. दूरपणाचे कारण पुढे करून दार लावले जाते, आणि मग दूरपणा हाच क्लबाचा डौल होतो. मलेनजवळ डिस्मल नदीच्या काठी जॅक निकलसने २००६ मध्ये व डोकने २०१३ मध्ये आखलेली मैदाने, व्हॅलेंटाइनजवळ २०२१ चे 'कॅपरॉक रँच', नॉर्थ प्लॅटच्या बाजूस २०२४ चे 'ग्रेबुल', अशी ही रांग वाढत चालली आहे आणि ती मुख्यतः सभासदांचीच आहे. डेन्व्हरहून पाच तास गाडी हाकणे कोणाही पगारदाराला शक्य आहे. पेट्रोलने कापता येत नाही असे अंतर फाटकापाशी सुरू होते.

ज्या स्कॉटलंडची वाळू आणि वारा यांची ही मंडळी इतकी वाखाणणी करतात, तिथली रीत तरी काय आहे? सेंट अँड्र्यूज येथील जुने मैदान, या खेळाचे काशीक्षेत्रच म्हणा, सार्वजनिक आहे. १८९४ साली पार्लमेंटाच्या कायद्याने नगराने ती जमीन परत मिळवली. तिथे खेळण्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. नाव निघाले तर कोणीही खेळावे. रविवारी खेळ बंद असतो आणि गावकरी त्याच हिरवळीवरून मुलाबाळांसह फिरतात. प्रेअरीने स्कॉटलंडहून खेळ घेतला, पण ही रीत फारशी घेतली नाही.

फारशी म्हणण्याचे कारण, गॉथेनबर्गखेरीज आणखीही काही अपवाद आहेत. राज्याच्या पूर्व टोकाला होमर गावाजवळ एका शेतकरी कुटुंबाच्या जमिनीवर २०२२ साली 'लँडमंड' हे मैदान झाले. डॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थच शेतकरी. तेथील टेकड्या वाळूच्या नसून वाऱ्याने आणलेल्या पिवळ्या मातीच्या आहेत, रचना टॅड किंग व रॉब कॉलिन्स यांची, आणि प्रवेश सर्वांना. नोंदणी उघडली की जागा पटापट भरतात, एवढीच अडचण.

आणि सर्वांत जुना अपवाद सर्वांत गरीब आहे. या गवताळ पट्ट्यातील खेड्यांतून, नेब्रास्कापासून कॅन्ससपर्यंत आणि वर कॅनडाच्या सस्कॅचेवनमध्येही, पूर्वी नऊ होलांची मैदाने असत. हिरवळ जगवण्याइतके पाणी व पैसा नाही, म्हणून होलाभोवती तेल मिसळलेली वाळू. थेट आपल्या छावणीतली 'ब्राउन'! खेळून झाले की पुढच्यासाठी वाळू पुन्हा सारखी करून ठेवायची. राखणदार नाही, कार्यालय नाही; खांबावर एक पेटी, तीत शुल्क टाकायचे आणि आत जायचे. अशी मैदाने आता कमी होत चालली, पण नामशेष झालेली नाहीत. आपल्याकडे वाळूची ती वर्तुळे साहेबाची होती. तिथे ती गवंड्याची, शिक्षकाची, दुकानदाराची होती.

वाचकांपैकी ज्यांची मुले-भाचरे डेन्व्हर किंवा ओमाहाकडे आहेत त्यांनी, गोल्फ येवो न येवो, एकदा या टेकड्यांतून जावे. जूनमध्ये गवत हिरवे असते. ओगालालाला पेट्रोल भरून घ्यावे, पुढे पंप विरळ आहेत. बरोबर डबा असावा. आर्थरचे पेंढ्यांचे मंदिर पाहावे, मलेनला पोहोचल्यावर घड्याळ तपासावे, आणि खेळणारा कोणी सोबत असेल तर गॉथेनबर्गची सकाळची वेळ आधी सांगून ठेवावी. दुपारनंतर तिथे वारा फार असतो.